धाकटीचा डावा कान

सांगलीच्या दवाखान्यातून मला आणि बाळाला घरी सोडणार होते, त्या सकाळची गोष्ट. माझं माहेर आष्ट्याचं, सांगलीपासून फार लांब नाही. आईनं पिशव्या बांधून कॉटखाली सारल्या होत्या आणि घरी गेल्यावर शेकासाठी कुठली शेगडी काढायची याचा ती मोठ्यानं विचार करत होती. तेवढ्यात एक मुलगी मोबाइलएवढं यंत्र घेऊन आत आली. यंत्राला एक वायर आणि वायरच्या टोकाला रबराचं बोंड.

"बाळाचे कान तपासायचेत," ती म्हणाली. "झोपलंय तेच बरं आहे. दुखत नाही."

उजवा कान झाला. यंत्रानं 'पास' दाखवलं. डाव्या कानात तिनं बोंड घातलं, काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा मी उठून बसले.

"काय झालं?"

"काही नाही. आत पाणी राहिलेलं असतं कधीकधी. संध्याकाळी परत बघू."

"आमी तर आत्ता निगालोय," आई म्हणाली.

"थोडं थांबा, मावशी."

संध्याकाळीही डाव्या कानानं 'पास' दाखवलं नाही. मग बाळांच्या डॉक्टर आल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी बाळाचं झबलं वर केलं आणि पोटावरचे बारीक लाल ठिपके बघितले. ते मी आधीच पाहिले होते. आई म्हणाली होती डास चावलेत, शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली होती अंगात उष्णता आहे, आणि मला दोन्ही पटलं होतं.

मॅडम माझ्या कॉटवरच बसल्या. "दिवस पूर्ण भरूनही वजन कमी. अंगावर हे ठिपके. आणि आता एक कान. यातलं एकेकटं असतं तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. तिन्ही एकत्र आहेत म्हणून एक तपासणी करू या. सीएमव्ही नावाचा विषाणू असतो. आईला होतो, पण तिला कळतही नाही. पोटातल्या बाळाला मात्र कधीकधी त्रास देतो."

"बाळंतपणात किती रक्तं काढली माझी," मी म्हणाले. "कावीळ, एड्स, साखर. हे नाव कुणी काढलं नाही."

"नाही काढत. म्हणून तर आत्ता बघायचं. जन्मल्यापासून तीन आठवड्यांच्या आत सापडला तर तो पोटातूनच आलेला. नंतर सापडला तर बाहेरून लागला की आतून, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि मग औषध द्यायचं की नाही, तेही ठरवता येत नाही."

आईनं पिशव्यांच्या गाठी सोडल्या.

लाळ आणि लघवी

लाळेच्या तपासणीसाठी काडीला गुंडाळलेला कापूस बाळाच्या गालाच्या आतून फिरवतात. एवढंच. पण त्याआधी बराच वेळ दूध पाजायचं नाही, कारण आईच्या दुधातही तो विषाणू असू शकतो आणि मग निकाल चुकतो. बाळ भुकेनं रडत होतं, माझं दूध आपोआप वाहत होतं आणि आई नर्सला म्हणत होती, "आवं बाई, घ्या की लवकर. पोरीचा घसा फुटला." ती वेळ मला बाळंतपणाच्या कळांपेक्षा जड गेली.

लघवीसाठी चिकटणारी प्लॅस्टिकची पिशवी लावली. पिशवी लावून ठेवली की बाळ कोरडं. सैल झाली म्हणून काढली की लगेच नर्सच्या हातावर धार. तिसऱ्या खेपेला जमलं तेव्हा आम्ही तिघीही हसलो. त्या दवाखान्यात मी हसलेली तेवढीच.

नमुने पुण्याला गेले आणि आम्ही आष्ट्याला.

घरी आल्यावर आईनं स्वतःची तपासणी सुरू केली. बाळाच्या डोक्याशी ताट धरून उलथनं आपटायचं. बाळ दचकायचं. "बघ, ऐकतंय की! कशाचं काय घिऊन बसलेत ती यंत्रं." मग मी बाळाला डाव्या कानावर निजवायची आणि उजवा वर. पुन्हा आवाज, पुन्हा दचकणं. मग उजवा खाली, डावा वर. बाळ झोपलेलंच. आई ताट उचलून आत गेली आणि नंतर तिनं तो विषय काढला नाही.

माझे मिस्टर संतोष दहिवडीत ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला आहेत. त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "नेटवर काही वाचू नको." मी न्हाणीत जाऊन वाचायची. बहिरेपणा, झटके, उशिरा चालणं, काहीच न होणं, सगळं एकाच पानावर लिहिलेलं असायचं. आपलं बाळ त्यातलं कुठलं, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसायचं.

बारसं

निकाल यायच्या आधी बारसं झालं. शर्वरी नाव ठेवलं. मोठी आरोही तेव्हा अडीच वर्षांची, ती पाळण्याला लोंबकळत होती. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, संतोषबरोबर आल्या. सासरे आले नाहीत.

आमचं सासर दहिवडीच्या पुढं, माणच्या माळावर. पिढ्यान् पिढ्या मेंढरांचं घर. थोडी शेती आहे, पण सासऱ्यांचा जीव मेंढरांत. मी त्यांना मामा म्हणते. आरोहीच्या बारशाला ते आदल्या दिवशीच आले होते आणि येताना लोकरीचं छोटं घोंगडं विणून घेऊन आले होते.

"मामा का नाही आले?" मी आत्यांना विचारलं.

"मेंढरं कुनावर टाकायची?" आत्या म्हणाल्या, पण माझ्याकडं न बघता.

सगळे गेल्यावर आई भांडी आवरताना म्हणाली, "मेंढरं तवाबी हुतीच की. दुसरीबी पोरगीच झाली आन त्यात कानाचं असं. म्हातारा कशाला फिरकंल?"

मी आईला गप्प केलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

निकाल

मॅडमनी फोनवर सांगितलं नाही, बोलावून घेतलं. बोलावलं म्हणजे काय ते आम्हाला एसटीत बसतानाच कळलं होतं. संतोष सुट्टी टाकून आले होते. मॅडमनी दोघांना बसवलं, आधी बाळाला मांडीवर घेतलं आणि मग म्हणाल्या, "विषाणू सापडलाय. दोन्ही नमुन्यांत."

मी काय विचारलं ते मला आठवत नाही. संतोष सांगतात की मी विचारलं, "ती जगेल ना?" मॅडम म्हणाल्या, "अहो, जगेल म्हणजे काय, तुम्हाला दमवेल."

मग त्यांनी एकेक सांगितलं. डोक्याची सोनोग्राफी करायची, डोळ्यांचा पडदा बघायचा, कानाची मोठी तपासणी करायची. औषध आहे. सहा महिने, दिवसातून दोनदा, न चुकता. त्यानं गेलेलं परत येईलच असं नाही, पण आहे ते टिकायला मदत होते.

"आला कुठून पण हा?" संतोषनी विचारलं.

"घरात लहान मूल आहे?"

"आहे. आरोही. अंगणवाडीत जाते."

"बहुतेक वेळा तिथून येतो. लहान मुलांच्या लाळेत, लघवीत असतो. त्यांना काही होत नाही. थोडी सर्दी, थोडा ताप, तेवढंच."

मला चौथ्या महिन्यात आलेला ताप आठवला. आणि आरोहीच्या ताटातला उरलेला भात. तिनं अर्धा खाल्लेला बिस्किटाचा तुकडा. तिचाच चमचा. कुठली आई लेकराचं उष्टं टाकते? मी रडायला लागले. मॅडमनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "हे बघा, माझ्या दोन मुलांचं उष्टं मी खाल्लंय आणि मी डॉक्टर आहे. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं नाही ती आमची चूक, तुमची कशी?"

त्या वाक्यानं सगळं हलकं झालं असं नाही. पण त्या दिवशी घरी जाऊन मी आरोहीला जवळ घेऊ शकले, ते त्या वाक्यामुळं.

पुढच्या काही दिवसांत डोक्याची सोनोग्राफी चांगली आली. डोळे चांगले आले. कानाच्या मोठ्या तपासणीत डोक्याला तारा चिकटवतात आणि बाळाला गाढ झोपवावं लागतं. त्यात कळलं की उजवा कान पूर्ण चांगला आहे आणि डाव्याला फक्त खूप मोठा आवाज जातो. "एका कानावर मूल बोलायला शिकतं," मॅडम म्हणाल्या. "आपलं काम आता उजवा जपायचं." तोवर जे गेलं त्याच्याच मागं मी धावत होते. जे आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

औषध

औषध पातळ, फ्रिजमध्ये ठेवायचं, सुईशिवायच्या सिरिंजनं गालात सोडायचं. ते कडक म्हणून आपल्या हाताला लागू द्यायचं नाही, हातमोजे घालायचे. मोजे घालून स्वतःच्या बाळाला औषध पाजताना पहिल्या दिवशी फार परकं वाटलं. आई म्हणाली, "ऑपरेशन करायलीस काय गं?" आठवड्याभरात सवय झाली.

ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं, कारण या औषधानं पांढऱ्या पेशी कमी होतात.

अडीच महिन्यांनी मी सासरी आले. मॅडमनी सगळं लिहून दिलं होतं. रक्त दहिवडीत काढायचं आणि रिपोर्टचा फोटो त्यांना पाठवायचा. घरी फ्रिज होता, लाइट जायची तेव्हा आत्या बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायच्या. आत्यांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही.

मामा मात्र घरात आले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणाच्या कडेला, लिंबाखाली उभे होते. तिथूनच म्हणाले, "बरं हाय का लेकरू?"

"बरं आहे. या की मामा, घ्या तिला."

"व्हय, व्हय. घितो की," असं म्हणून ते माळाकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. जेवण त्यांना बाहेर लागायचं. त्यांचं घोंगडं दारात नसायचं, लांब कुंपणावर टाकलेलं असायचं. आरोही त्यांच्याकडं धावली की ते मागं सरायचे. "आंगाला घान हाय, जा घरात." ती रडत यायची. आधी हाच माणूस तिला खांद्यावर घेऊन कोकरं मोजायला शिकवायचा.

मला आईचं वाक्य आठवायचं. दुसरी पोरगी, त्यात कानाचं असं. राग यायचा आणि रागापेक्षा लाज वाटायची, कुणाची ते माहीत नाही. संतोषना म्हटलं, "मामांना एवढं काय झालंय? मुलगी झाली हा काय माझा गुन्हा आहे?"

"आबा तसले न्हाईत," ते म्हणाले.

"मग कसले आहेत?"



वाघरीपाशी

मग एका सकाळी एक पिकअप आली. दोन माणसं उतरली आणि मामांबरोबर माळावर गेली. बऱ्याच वेळानं गाडी परत गेली तेव्हा तिच्या हौद्यात मेंढरं होती. आत्या उंबऱ्यात बसून डोळ्याला पदर लावत होत्या.

"आत्या, काय झालं?"

"समदी इकायला काडल्यात. आज थोडी गेली, उरल्याली बाजारच्या दिवशी. म्या इचारलं तर म्हंत्यात, तुला काय करायचंय."

मी शर्वरीला आत्यांच्या मांडीवर दिलं आणि तशीच माळावर गेले. मेंढरं कोंडायला जाळीचं कुंपण घालतात, त्याला वाघर म्हणतात. मामा वाघरीच्या बाहेर दगडावर बसले होते. मला बघून उठले आणि हात वर केला.

"हितं येऊ नगंस. तान्ह्या लेकराची आई हायस. मागं सर."

"मामा, मेंढरं का विकताय?"

"म्हातारा झालो."

"खरं सांगा. मुलगी झाली म्हणून तुम्ही आमच्याशी बोलत नाही. आता त्यापायी मेंढरं पण विकणार काय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं.

"पोरगी झाली म्हून?" ते म्हणाले. "आगं, काय बोलतीस?"

ते खाली बसले.  मग बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं.

"जनावराचा डाक्टर मागं सांगून गेल्ता. मेंढी व्यायल्यावर वार हातानं वडू नगा, आन दोन जिवाच्या बाईला कळपाजवळ येऊ देऊ नगा, पोटातल्या लेकराला आजार हुतो. म्या ऐकलं आन इसरलो. तू पोटुशी हुतीस तवा त्या मेल्याल्या मेंढीचं कोकरू तुज्या हातात कुनी दिलं? म्याच दिलं न्हवं? बाटलीनं दूद पाज म्हनालो. आट दिस तू त्याला पदराखाली घिऊन बसायचीस. बारशाच्या आदी संतूनं फोनवर सांगितलं, पोरीला पोटातच कसला तरी जंतू लागला असंल म्हंत्यात, कान गेला. तवाच मला कळलं. माज्या मेंढरानं केलं. म्या केलं."

मला ते कोकरू आठवलं. काळ्या तोंडाचं. माझं बोट चोखायचं.

"म्हणून तुम्ही बारशाला आला नाही?"

"ह्या आंगानं कसं येऊ? आन तिला हात कसा लावू? अजून काय हुयाचं ऱ्हायलंय का? मेंढरं गेली की मंग चार दिस धुऊन पुसून घरात यीन म्हनलं."

तीन महिने हा माणूस हे एकटा घेऊन फिरत होता. आणि मी तीन महिने त्याच्यावर रागावून होते. आमच्या दोघांत फक्त एक अंगण होतं.

मी तिथंच उभी राहून मॅडमना फोन लावला. लागला. स्पीकरवर टाकला. म्हटलं, "मॅडम, माझे सासरे आहेत. त्यांना विचारायचंय, हा आजार मेंढरांपासून आला का?"

"नाही," मॅडम लगेच म्हणाल्या. "आजोबा, ऐकताय ना? हा विषाणू माणसांचा आहे. माणसाकडून माणसाला जातो. मेंढीला होत नाही आणि मेंढीकडून येत नाही."

मामा फोनकडं वाकले. "पर बाई, जनावराचा डाक्टर म्हनला हुता..."

"तो बरोबर बोलला. ते दुसरे आजार. गरोदर बाईनं व्यायलेल्या मेंढीपासून लांबच राहायचं, ते पाळत जा. पण तुमच्या नातीला ते झालेलं नाही. तिचा आजार वेगळा. त्यात तुमच्या मेंढ्यांचा संबंध नाही."

"नक्की?"

"नक्की."

"कोकराचाबी न्हाई?"

"कोकराचाही नाही."

 मला वाटलं झालं, फोन ठेवावा. तेवढ्यात ते पुन्हा वाकले. "आन बाई, पोरीकडनं मेंढरास्नी न्हाई न्हवं हुयाचं?"

मॅडम हसल्या. फोनमधून इतक्या मोठ्यानं हसल्या की वाघरीतल्या दोन मेंढ्यांनी माना वळवल्या. "नाही हो आजोबा. तुमच्या मेंढ्या सुखरूप आहेत."

मामांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्यात तोंड घातलं. मी दुसरीकडं बघत उभी राहिले. त्या वेळी त्यांना तेच हवं असणार.

घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, साबण दोनदा लावला, धुतलेलं धोतर नेसले आणि घरात येऊन भिंतीला टेकून बसले. मी शर्वरीला त्यांच्या ओंजळीत दिलं. पहिल्यांदाच.  त्यांनी तिचा डावा कान अंगठ्यानं हळूच चाचपला, जसं मेंढीचा कान बघतात तसा, आणि म्हणाले, "दिसायला तर झ्याक हाय."

आत्या हसता हसता रडायला लागल्या. आरोही मामांच्या खांद्याला लटकली.

बाजारच्या दिवशी पिकअप आली ती मोकळीच परत गेली. आधी गेलेली मेंढरं मात्र परत आली नाहीत. त्यांच्यात एक म्हातारी मेंढी होती, कळपाच्या पुढं चालणारी. मामा अजून तिचं नाव काढतात.

आईला मी फोनवर सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "ह्या आईतवारी त्यास्नी जेवायला घिऊन ये." आणि फोन ठेवून दिला.

पांढऱ्या पेशी

ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांच्यासाठी हे सांगते. मधे एकदा शर्वरीच्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या. रिपोर्टच्या फोटोवर मॅडमचा लगेच फोन आला, "औषध आजपासून बंद. ताप आला तर थांबू नका, सरळ सांगलीला या. घरात गर्दी नको, सर्दीवाल्याला जवळ येऊ देऊ नका."

मला वाटलं, संपलं. औषध बंद म्हणजे आता उजवाही जाणार. मॅडम म्हणाल्या होत्या की असं होतं, थांबवून पुन्हा सुरू करता येतं. पण ऐकणं वेगळं आणि रिकामी सिरिंज धुऊन ठेवणं वेगळं. दिवसातून कितीतरी वेळा मी तिच्या कपाळाला हात लावायची. मामांनी अंगणाच्या फाटकाला काटेरी फांदी लावली आणि येणाऱ्या प्रत्येकाला बाहेरूनच विचारायचे, "नाक वाहतंय का तुजं?" गावात आमचं हसं झालं. कुणी रागावलंही. पण घरात सर्दी आली नाही.

पुन्हा रक्त काढायला मामाच बरोबर आले. जे मेंढीचा काटा चिमट्यानं उपसून काढतात, खूर कापतात, ते शर्वरीच्या हाताला सुई लागायच्या आधीच बाहेर जाऊन उभे राहिले. पेशी वर आल्या होत्या. औषध थोडं कमी करून पुन्हा सुरू झालं आणि मग न थांबता पुरं झालं. शेवटची बाटली संपली त्या दिवशी संतोषनी हातमोज्यांच्या उरलेल्या जोडीत हवा भरून आरोहीला फुगे करून दिले.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

मी डॉक्टर नाही, गावात ब्लाउज शिवते. तरी दोन गोष्टी सांगते. दवाखान्यातून निघायच्या आधी बाळाचे कान तपासले का, ते विचारा. तपासणीत कान पास झाला नाही तर "पाणी असेल" म्हणून महिनाभर थांबू नका. लाळेची किंवा लघवीची तपासणी लगेच करायची का, ते तेव्हाच विचारा. ती मुलगी त्या सकाळी यंत्र घेऊन आली नसती, किंवा मॅडमनी पोटावरचे ठिपके बघून झबलं खाली सोडलं असतं, तर आम्हाला हे शर्वरी दोन वर्षांची होईपर्यंत कळलं नसतं.

आणि घरात लहान मूल असेल आणि पोटात दुसरं असेल, तर त्याचं शी-शू काढल्यावर साबणानं हात धुवा, त्याचा चमचा आपल्या तोंडात घालू नका. पापी घ्यायची तर कपाळाची घ्या. परगावी राहणारी माझी धाकटी जाऊबाई आता पोटुशी आहे. ती आमच्याकडं आली तेव्हा मी हे तिला सांगितलं. शर्वरीच्या लाळेत अजून तो विषाणू असू शकतो, तेही सांगितलं.  वाटलं, ही आता उठून जाईल. ती उठली, मोरीवर जाऊन हात धुतले आणि परत येऊन शर्वरीला मांडीवर घेऊन बसली.

परवा

शर्वरी आता दीड वर्षाची आहे. चालते. मामांना "आबा" म्हणते, "आई" त्याच्या नंतर म्हणायला लागली. डाव्या कानाला छोटं मशीन बसवलंय. ते ती काढून टाकते, आम्ही शोधतो, पुन्हा घालतो. कुठून आवाज आला ते तिला पटकन कळत नाही, हाक मारली की चारही बाजूंना बघते. शाळेत गेल्यावर तिला उजवा कान बाईंकडं येईल असं बसवावं लागेल. हे सगळं आहेच. पण ते माझ्या झोपेत येत नाही आता.

परवा सांगलीला तपासणी होती. काचेच्या खोलीत तिला माझ्या मांडीवर बसवलं, आवाज सोडले, दिवे लागले, खेळणी नाचली. मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "उजवा पहिल्यासारखाच. डावाही आहे तिथंच, आणखी घसरलेला नाही. आता सहा महिन्यांनी या."

आजवर दर तीन महिन्यांनी यायचो.

बाहेर आलो. स्टँडवर जाऊन विट्यावरून जाणारी दहिवडीची गाडी पकडली. शर्वरी खिडकीपाशी माझ्या मांडीवर झोपली. ती उजव्या कानावर झोपली की एसटीचा हॉर्नही तिला उठवत नाही, हा एक फायदा. तासगाव यायच्या आधीच संतोषनी आरोहीच्या शाळेचा विषय काढला. त्यांना ती दहिवडीच्या इंग्रजी शाळेत हवी. मला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी म्हटलं, एवढी लहान पोर रोज गाडीतून जाणार? ते म्हणाले, गावातले गुरुजी बदलून गेले तर? मी म्हटलं, जाईपर्यंत तरी शिकेल ना. आवाज चढले. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. विट्याला गाडी थांबली, ते उतरून चहा घेऊन आले, दोघांनी मुकाट्यानं प्यायला आणि कप खिडकीतून परत देताच पुन्हा तिथूनच सुरू केलं.

मायणीच्या आसपास माझ्या लक्षात आलं. सांगली सोडल्यापासून आम्ही शर्वरीबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो.

मी ते संतोषना सांगणार होते. पण आधी शाळेचं मिटवायचं होतं.